बागेतील रंग : कोणाची निवड, कोणाचे मन

अलीकडे रोपवाटिकांत आणि गृहसजावटीच्या पुस्तकांत एक तक्ता हमखास पाहावयास मिळतो. लाल फुले उत्साही माणसासाठी, पिवळी आनंदी वृत्तीसाठी, निळी-जांभळी शांत स्वभावासाठी आणि पांढरी सात्त्विक प्रकृतीसाठी, अशी त्यात वाटणी केलेली असते. आपला स्वभाव ओळखावा, त्याला जुळणाऱ्या रंगाची रोपे आणावीत, म्हणजे बाग मालकाचा आरसा होते, असा त्याचा मथितार्थ. तक्ता सोयीचा आहे यात शंका नाही. परंतु बागांच्या इतिहासाकडे थोडे बारकाईने पाहिले की दोन प्रश्न उभे राहतात. रंग आणि मनोवृत्ती यांचे नाते खरोखरच इतके ठरीव आहे काय? आणि बागेत कोणता रंग असावा हे ठरवण्याचा अधिकार आजवर कोणाला होता? माझ्या मते यांतील दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि पहिल्याचे उत्तरही त्याच्याच वाटेने सापडते.

रंग आणि भाव यांची सांगड घालण्याचा उद्योग आपल्याकडे फार जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक वर्ण आणि एक अधिदेवता दिलेली आहे. शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण कपोत म्हणजे पारव्याच्या रंगाचा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. आजच्या तक्त्यात प्रेमाचा रंग लाल आहे. भरतांच्या व्यवस्थेत लाल रंग क्रोधाचा आहे आणि प्रेमाचा रंग मेघासारखा सावळा. आजच्या तक्त्यात निळा म्हणजे मनःशांती. भरतांकडे तो जुगुप्सेचा. दोन्ही याद्या आपापल्या जागी सुसंगत आहेत, आणि तरीही एक दुसरीला छेद देते. यावरून एवढे तरी स्पष्ट व्हावे की रंगाचा अर्थ पाकळीत नसतो. तो पाहणाऱ्याच्या संस्कारात असतो.

आपल्या भाषेनेही हे नाते आपल्या परीने जपले आहे. माणूस रागाने लालबुंद होतो, भीतीने पांढराफटक पडतो, दुःखाने काळवंडतो. रंगांची आपली नावे तर बहुतेक झाडाझुडपांवरून आणि पाखरांवरून आलेली आहेत: अबोली, गुलबक्षी, डाळिंबी, अंजिरी, आमसुली, जांभळा, मोरपंखी, पारवा. लुगड्यांच्या दुकानात ‘पारवा रंग दाखवा’ म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना आपण करुणरसाचा वर्ण मागत आहोत याची कल्पना नसेल. पण त्या शब्दामागे मोठी परंपरा उभी होती.

असे असले तरी जुन्या घरांच्या परसात कोणते रंग असावेत हे घरातील माणसांच्या स्वभावावरून ठरत नसे. ते देवघर ठरवी. गणपतीसाठी तांबडी जास्वंद, शंकरासाठी धोत्रा, तगर आणि पांढरी कण्हेर, दसऱ्याच्या तोरणासाठी झेंडू, हरतालिका-मंगळागौरीच्या पत्रींसाठी कुंपणाकडेची झुडपे आणि मधोमध तुळशीवृंदावन, अशी ती मांडणी. मल्हारी मार्तंड ज्यांचे कुलदैवत त्यांच्या घरी भंडाऱ्याच्या पिवळ्या रंगाचा मान अधिक. इंदूर असो, ग्वाल्हेर असो की बडोदे, जिथे जिथे आपली कुटुंबे सरदारांच्या, कारकुनांच्या किंवा भिक्षुकांच्या नात्याने जाऊन स्थिरावली, तिथे तिथे ही मांडणी त्यांच्याबरोबर गेली. माती बदलली, पाणी बदलले, पण पूजेच्या तबकातील रंग बदलले नाहीत.

येथे एक गमतीची गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या फुलांना आपण ‘आपली’ म्हणतो त्यांतील पुष्कळशी स्वतःच परदेशाहून येऊन स्थायिक झालेली आहेत. झेंडू आणि निशिगंध मूळचे मेक्सिकोचे. गुलबक्षी, कर्दळ आणि देवळाच्या आवारातील पांढरा चाफा हेही अमेरिका खंडातले. सदाफुली आणि गुलमोहर मादागास्कर बेटावरचे. शेवंतीचे माहेर चीन. पंधराव्या शतकाच्या अखेरीस समुद्रमार्ग खुले झाल्यानंतर अमेरिकेतील वनस्पती जगभर पसरल्या, आणि दोन-तीन शतकांत झेंडू आपल्याकडे इतका रुळला की त्याच्याविना दसरा होईना. येऊन राहिलेल्याला घरचा मान कसा मिळतो, हे आपल्यासारख्या कुटुंबांना वेगळे सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या संस्थानी शहरांत दुसऱ्या प्रकारची बाग आली. ती परसात नव्हती आणि देवासाठीही नव्हती. बडोद्यात विश्वामित्री नदीच्या काठी १८७९ साली सयाजीबाग उभी राहिली. जुन्या बडोदेकरांच्या तोंडी ती आजही कमाटीबाग आहे. पुढे १८९० साली पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या परिसराची आखणी लंडनजवळील क्यू उद्यानातील विल्यम गोल्डरिंग यांनी केली. १८९३ साली सयाजीराव महाराजांच्या सेवेत गुस्ताव हर्मान क्रुम्बीगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ रुजू झाले. १८६५ साली ड्रेस्डेनजवळ जन्मलेल्या या गृहस्थांचे शिक्षण तेथील पिल्निट्झच्या राजोद्यानात झाले होते, आणि पुढे लंडनच्या हाइड पार्कमध्ये व क्यू येथे त्यांनी काम केले होते. बडोद्यात सुमारे पंधरा वर्षे राहून ते १९०८ साली म्हैसूर संस्थानात बंगळूरच्या लालबागेवर गेले. बंगळूरच्या रस्त्यांवर वर्षभर एकामागून एक बहरणारी झाडे लावण्याच्या कल्पनेचे श्रेय त्यांना दिले जाते: एका जातीचा बहर ओसरावा तोच दुसरीचा सुरू व्हावा, अशी योजना. १९५६ साली त्यांचे बंगळूरलाच निधन झाले. भारतात त्यांनी साठ वर्षांहून अधिक काळ काढला.

या संस्थानी बागांनी सामान्य माणसाला प्रथमच केवळ पाहण्यासाठी म्हणून रंग दिला, हे त्यांचे मोठे उपकार. तोडून देवाला वाहायचे नाही, विकायचे नाही, केसांत माळायचे नाही. संध्याकाळी मुलांना घेऊन जायचे आणि पाहायचे. परंतु त्या रंगांची निवड दरबाराची होती. पाहणाऱ्याच्या मनाचा तिच्याशी संबंध नव्हता.

बागेतील रंग एका व्यक्तीच्या मनाशी जोडण्याची कल्पना खऱ्या अर्थाने रुजली ती त्याच सुमारास इंग्लंडमध्ये, आणि तिला कारणेही तशीच घडली. १८४५ साली तेथे काचेवरील कर रद्द झाला आणि काचगृहे स्वस्त झाली. दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका येथून आलेली, थंडी न सोसणारी रोपे काचगृहात वाढवून उन्हाळ्यात एकदम वाफ्यांत मांडण्याची पद्धत पडली. तांबडे जिरेनियम, पिवळे कॅल्सिओलारिया आणि निळे लोबेलिया यांचे भडक पट्टे गालिचासारखे आखले जात. ज्याच्या वाफ्यात रोपे अधिक त्याची श्रीमंती अधिक, असा तो प्रकार होता. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० नंतर आपल्या पुस्तकांतून या पद्धतीवर कडाडून टीका केली आणि अनेक वर्षे टिकणाऱ्या, हवामानाला सोसणाऱ्या वनस्पतींचा पुरस्कार केला.

दरम्यान रंगांविषयीचे ज्ञान दुसऱ्याच दिशेने वाढत होते. जर्मन महाकवी गटे यांनी १८१० साली रंगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून रंगांचा चित्तावर होणारा परिणाम हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानला. आजच्या तक्त्यांचे मूळ शोधू गेल्यास बरेचसे तिथवर पोहोचते. पण बागेच्या दृष्टीने अधिक उपयोगी ठरले ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल. पॅरिसच्या गोबलँ येथील सरकारी विणकामशाळेत ते रंगाई विभागाचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या कापडावरील काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्यापुढे आली. तपासात काळ्या रंगात काहीच खोट निघाली नाही. शेजारच्या रंगामुळे डोळाच फसत होता. शेजारी ठेवलेले दोन रंग परस्परांना बदलून दाखवतात, हा नियम त्यांनी १८३९ सालच्या ग्रंथात मांडला आणि त्यात बागेतील फुलांच्या मांडणीचाही विचार केला. याचा अर्थ असा की एकटा लाल किंवा एकटा निळा असे बागेत काही नसतेच. त्याच्या शेजारी कोण आहे यावर त्याचे रूप ठरते. माणसांच्या बाबतीतही हे काही खोटे नाही.

हे ज्ञान वाफ्यात उतरवले ते गर्ट्रूड जीकिल या इंग्रज बाईंनी. त्यांचा जन्म १८४३ सालचा. तरुणपणी त्यांनी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील कलाशाळेत शिक्षण घेतले; चित्रकला, भरतकाम आणि चांदीकाम यांत त्या निष्णात होत्या. परंतु त्यांची दृष्टी दिवसेंदिवस अधू होत चालली होती. १८९१ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, नेत्रतज्ज्ञांनी त्यांना चित्रकला व भरतकाम सोडण्याचा सल्ला दिला. ज्यांच्या हातून कुंचला आणि सुई दोन्ही सुटली त्या बाईंनी मग सरे परगण्यातील मनस्टेड वुड येथे जमिनीवर रंगकाम मांडले. त्यांचा मुख्य फुलांचा पट्टा सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होता. एका टोकाला राखी पानांच्या सोबतीने निळी, पांढरी, फिकट पिवळी आणि फिकट गुलाबी फुले. तिथून रंग हळूहळू तापत जाऊन गडद पिवळा, नारिंगी आणि मध्यभागी तांबडा. मग पुन्हा उतरत उतरत दुसऱ्या टोकाला जांभळ्या छटा. आलापातून द्रुत लयीकडे जाऊन परत संथ व्हावे, तशी ती चाल होती. याशिवाय राखी, सोनेरी, निळी, नारिंगी आणि हिरवी अशा एकेका रंगाच्या वेगळ्या बागांची कल्पना त्यांनी मांडली. नारिंगी बागेत डोळा तृप्त झाल्यावर राखी बागेतला जांभळा-निळा रंग अधिक ताजा भासतो, हे त्यांचे निरीक्षण म्हणजे शेव्रल यांच्या नियमाचा अनुभवच. त्यांचे बागेतील रंगांवरील पुस्तक १९०८ साली निघाले. निळी बाग म्हणजे निळ्याशिवाय काहीच नको, या हट्टाने बागेचेच नुकसान होते, असे त्यांनी त्यात बजावले आहे. निळ्याला उठाव देण्यासाठी एखादे पांढरे किंवा फिकट पिवळे फूल हवेच. आजच्या तक्तेवाल्यांनी हे वाक्य शंभर वर्षांपूर्वीच वाचावयास हवे होते.

जीकिल यांचा आपल्याशी धागा आहे तो एड्विन लुटियन्स यांच्यामार्फत. १८८९ साली दोघांची ओळख झाली तेव्हा ते वीस वर्षांचे होते आणि त्या पंचेचाळीस वर्षांच्या. पुढे अनेक वर्षे घर त्यांचे आणि बाग बाईंची, असा जोडीने व्यवहार चालला. याच लुटियन्स यांनी नवी दिल्लीत व्हाइसरॉयच्या निवासाची, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाची, आणि त्यामागील मोगल पद्धतीच्या बागेची रचना केली. प्रत्यक्ष लागवड विल्यम मस्टो यांनी केली. २०२३ च्या जानेवारीपासून ती बाग अमृत उद्यान या नावाने ओळखली जाते. चौकोनी पाट मोगलांचे, तर पाटांकडेचे फुलांचे भरगच्च वाफे इंग्रजी वळणाचे, हे तेथे गेलेल्यांनी पाहिलेच असेल.

जीकिल यांच्यानंतरचे दुसरे मोठे नाव लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांचे. केंट परगण्यातील नोल या प्रचंड वाड्यात त्या एकुलत्या एक कन्या म्हणून वाढल्या. १९२८ साली वडील वारले तेव्हा केवळ स्त्री असल्यामुळे तो वाडा त्यांना न मिळता चुलत्यांकडे गेला. १९३० साली त्यांनी व त्यांचे पती हॅरॉल्ड निकल्सन यांनी सिसिंगहर्स्ट येथील पडझड झालेली वास्तू विकत घेतली आणि तिच्या भिंतींच्या आत एकेक कक्ष असावा तशा बागा रचल्या. त्यांतील १९४९-५० च्या हिवाळ्यात लावलेली पांढरी बाग जगप्रसिद्ध झाली: पांढरे गुलाब, पांढऱ्या लिली, राखी पानांची झुडपे आणि भोवती हिरवे कुंपण. कुटुंबाचे भोजनगृह त्याच बाजूच्या इमारतीत असल्यामुळे तिन्हीसांजेला ती बाग डोळ्यांसमोर येई. पण याच बाईंच्या राहत्या भागासमोर दुसरी बाग होती, ती मावळतीच्या रंगांची: पिवळी, नारिंगी, लाल. मग त्यांचा स्वभाव कोणता म्हणायचा? पांढरा की तांबडा? तक्त्याला याचे उत्तर देता येणार नाही. आपल्या परसातील गुलबक्षी मात्र ते देते. एकाच झाडावर पिवळी, गुलाबी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे असलेली फुले ती एकाच संध्याकाळी उमलवते.

पांढऱ्या रंगाची आणखी एक बाजू शास्त्रीय आहे. उजेड कमी होऊ लागला की आपल्या डोळ्यांना तांबडा रंग आधी काळपट दिसू लागतो आणि निळा-पांढरा अधिक उजळ वाटतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवले. आपल्याकडील मोगरा, जाई, जुई, रातराणी आणि निशिगंध ही संध्याकाळची सुगंधी फुले पांढरी किंवा फिकट असतात, कारण त्यांना अंधारात पतंगांना बोलवायचे असते. आपल्या पूर्वजांनी ती अंगणाजवळ लावली, ती उन्हे उतरल्यावर ओट्यावर बसण्याच्या वेळेसाठी. उलट भर दुपारच्या आपल्या उन्हात फिकट गुलाबी रंग धुऊन निघाल्यासारखा होतो. तेथे जास्वंद, झेंडू, कर्दळ आणि बोगनवेल यांचाच निभाव लागतो. म्हणून इंग्लंडच्या ढगाळ उजेडासाठी केलेली रंगयोजना माळव्यात किंवा गुजरातेत जशीच्या तशी उचलणे व्यर्थ आहे.

आता अधिकाराच्या प्रश्नाकडे परत येतो. जीकिल यांच्या हातून कला गेली, सॅकव्हिल-वेस्ट यांच्या हातून घर गेले, आणि दोघींनी जे गमावले ते बागेत दुसऱ्या रूपाने उभे केले. आपल्या घरांतही अशा स्त्रिया होत्या. फरक एवढाच की त्यांच्यावर पुस्तके लिहिली गेली नाहीत. बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात माझ्या वडिलांची एक आत्या राहत असे. बालवयात वैधव्य आलेले, त्यामुळे तिच्या अंगावर जन्मभर तांबडे आलवण. (लाल रंग उत्साहाचा, असे सांगणाऱ्यांनी आपल्याकडील आलवणाचा विचार करावा. आपल्या समाजाने तोच रंग सौभाग्याच्या कुंकवाला दिला आणि तोच वैधव्याच्या वस्त्राला.) तिने काय नेसावे, काय खावे, कोणत्या समारंभात पुढे यावे, हे सारे इतरांनी ठरवलेले होते. परस मात्र तिचे होते. देवाच्या फुलांची जबाबदारी तिच्याकडे, आणि जास्वंद-तगरीच्या रांगा तिने नेमाने राखल्या. पण विहिरीकडेच्या वाफ्यात तिने अबोली लावली होती. अबोलीला वास नसतो आणि आमच्या देवघरात तिला विशेष मान नव्हता. ती माळण्याचे फूल. घरातल्या लेकी-सुनांना ती स्वतः गजरे करून देई. तिला स्वतःला ते फूल कधीच माळता येणार नव्हते. तरीही वाफ्याच्या कडेने मरव्याची हिरवी रेघ आणि मध्ये अबोलीचा केशरी रंग, ही मांडणी तिने कोणालाही बदलू दिली नाही. एकदा घरातील वडीलधाऱ्यांनी त्या जागी भाजीचा वाफा करावा असे सुचवले, तेव्हा कधी उलट न बोलणारी ती बाई ‘ते तेवढे राहू द्या’ एवढेच म्हणाली, आणि ते राहिले.

तिचा ‘स्वभाव केशरी होता’ असे म्हणणे मला हास्यास्पद वाटते. केशरी रंग तिच्याविषयी काही सांगत असेल तर ते एवढेच, की तो तिने स्वतः निवडला होता. दरबाराने नेमलेल्या उद्यानतज्ज्ञाच्या गालिचासारख्या वाफ्यांत कौशल्य होते, वैभव होते. पण त्या चार हातांच्या वाफ्यात एक माणूस होते. बागेचा इतिहास लिहिताना आपण राजे, राजवाडे आणि उद्यानतज्ज्ञ यांची नावे नोंदवतो, ते योग्यच आहे. परंतु परसांचा इतिहास हाही आपल्या कुटुंबांचा इतिहास आहे, आणि तो फार वेगाने पुसला जात आहे. वाडे पडून सदनिका झाल्या, विहिरी बुजल्या, परसांच्या जागी वाहनतळ आले. कोणत्या घरी कोणते फूल कोणी लावले होते, हे सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

म्हणून माझी वाचकांना दुहेरी विनंती आहे. आपल्या घराण्याच्या वंशावळीबरोबर परसाची आठवणही कागदावर उतरवावी: झाडांची नावे, त्यांच्या जागा, आणि ती राखणाऱ्या व्यक्ती. आणि ज्यांच्या वाट्याला आज सज्जातील चार कुंड्याच आल्या आहेत त्यांनी तक्त्याला विचारण्याआधी स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. आपण तिथे कोणत्या वेळी बसतो? त्या वेळी ऊन असते की अंधुक उजेड? शेजारच्या भिंतीचा रंग कोणता? कोणते फूल पाहिले की घरातले कोणते माणूस आठवते? आणि घरात असे कोणी आहे काय, ज्याला आजवर काहीच निवडू दिलेले नाही? तसे असेल तर पहिली कुंडी त्याने भरावी. रंग कोणताही निघो, त्या बागेत त्या माणसाचे मन उमटल्यावाचून राहणार नाही.